गळ ट्यूनासाठी, अडकतंय भलतंच!

सँडविचमधला, सॅलडमधला, सुशीमधला ट्यूना एव्हाना आपल्याही ओळखीचा झालाय. पण तो पकडायला टाकलेल्या गळाला समुद्रपक्षी, कासवं आणि शार्कही लागतात. हे थांबवायचे उपाय सापडलेत. ते स्वस्त आहेत आणि सोपेही आहेत. मग घोडं अडलंय कुठे?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे डोळ्यांसमोर आणा. कळंबोली ते किवळे, साधारण 95 किलोमीटर. आता रस्त्याच्या जागी नायलॉनची एक लांबच लांब दोरी आहे असं समजा. दर तीस-पस्तीस मीटरवर तिला एक उपदोरी लटकतेय, उपदोरीच्या टोकाला गळ आणि गळाला आमिष. एकूण गळ किती? दोन-तीन हजार! एक्झिटवर एक्झिट मागे पडतायत, तरी दोरी संपायचं नाव घेत नाही...

ट्यूना पकडणारं मोठं जहाज भर समुद्रात एका वेळी एवढी दोरी सोडू शकतं. हीच ती 'लाँगलाइन'. कोकणात खाडीकाठी गरी टाकून तासन् तास बसलेले आजोबा तुम्ही पाहिले असतील. फंडा तोच, फक्त आजोबांच्या हातात एक गरी आणि इथे तीन हजार. दोरी सोडायला चार-पाच तास लागतात, ओढून घ्यायला दहा-बारा. मधल्या वेळात गळाला कोण लागतंय हे वर बसलेल्या खलाशांना दिसत नाही. आमिष टाकलेलं असतं ट्यूनासाठी. पण समुद्रात भूक फक्त ट्यूनालाच लागते, असं थोडंच आहे?

नको असताना सापडलेल्या या जिवांना मासेमारीच्या भाषेत म्हणतात 'बायकॅच'.

डब्यावरचा डॉल्फिन

खरं सांगू? मी या विषयाकडे वळले ती पर्यावरणाच्या कळवळ्याने वगैरे नाही, जिममुळे. ट्रेनरने डाएट चार्टवर लिहून दिलं : ट्यूना, आठवड्यातून तीनदा. आमचं घर सुरमई-कोळंबीवालं. डबाबंद मासा म्हटल्यावर आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. तरी सुपरमार्केटमध्ये गेले, डबा हातात घेतला, आणि सवयीने मागचं लेबल वाचायला लागले. त्यावर एक गोंडस डॉल्फिन आणि खाली 'डॉल्फिन सेफ'. म्हटलं, चला, पापातून सुटलो!

पण फ्रीलान्सरला रिकामा वेळ फार. घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा कळलं, की या डॉल्फिनची गोष्ट वेगळीच आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये यलोफिन ट्यूनाचे थवे डॉल्फिनच्या कळपांखालून पोहतात. तिथे डॉल्फिन हेरून भोवती भलंमोठं जाळं टाकायची पद्धत होती आणि त्यात डॉल्फिन मरायचे. त्यावरून अमेरिकेत गदारोळ झाला आणि 1990 मध्ये हे लेबल आलं. म्हणजे ते बोलतं फक्त डॉल्फिनबद्दल. पक्षी, कासवं, शार्क यांच्याबद्दल ते चकार शब्द काढत नाही.

आणखी एक गोष्ट. डब्यातला बराचसा ट्यूना असतो स्किपजॅक जातीचा, आणि तो मुख्यतः जाळ्याने पकडतात. लाँगलाइनवर सापडतात ते बडे मासे : सुशी-साशिमीसाठी जाणारे बिगआय, यलोफिन, ब्लूफिन आणि 'व्हाइट ट्यूना' म्हणून डब्यात जाणारा अल्बाकोर. म्हणजे जपानी रेस्टॉरंटमध्ये ऑफिसची पार्टी असेल, तर लाँगलाइन तुमच्या ताटापर्यंत पोहोचलेली असण्याची शक्यता बरीच.

आपल्या बाजारात ट्यूनाची धाकटी भावंडं कुपा किंवा गेदर या नावाने मिळतात. आमच्या नेहमीच्या कोळीणमावशींना विचारलं, "मावशी, हा कुपा गळाने धरलेला की जाळ्यातला?" त्या हसल्याच. "जाळ्यातलाच गं बाय. एकेक कुपा गळाने धरत बसले, तर डिझेलचे पैसे तरी सुटतील काय?"

डिझेलचे पैसे. या सगळ्या विषयाची किल्ली मावशींनी एका वाक्यात हातात दिली. कशी, ते पुढे बघा.

साडेतीन मीटरचे पंख

अल्बट्रॉस हा पक्षी आपल्याकडे दिसत नाही, त्यामुळे त्याला मराठीत धड नावही नाही. वाँडरिंग अल्बट्रॉसचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. आपल्या वन-बीएचकेच्या बेडरूममध्ये तो पंख पसरून उभा राहू शकणार नाही! आयुष्य पन्नास वर्षांहून जास्त. पण संसाराची घाई अजिबात नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पहिलं अंडं, तेही दोन वर्षांतून एकच.

त्याची गोची नेमकी इथेच आहे. उंदरासारखी भराभर पिल्लं देणारा प्राणी थोडी पडझड सोसून घेतो. अल्बट्रॉसला ते जमत नाही. जोडीतला एक मेला, तर त्या वर्षीचं पिल्लू उपाशी मरतं आणि उरलेल्याला नवा जोडीदार मिळवायला वर्षं लागतात.

जहाजाच्या मागून आमिष लावलेले गळ पाण्यात पडतात, पण लगेच बुडत नाहीत. काही क्षण पृष्ठभागाजवळ तरंगतात. अल्बट्रॉसच्या दृष्टीने हा फुकटचा बुफे. तो झडप घालतो, गळ चोचीत किंवा गळ्यात रुततो आणि दोरीबरोबर पक्षी खाली जातो... बुडून मरतो. 1991 मध्ये नायजेल ब्रदर्स या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकाने दक्षिण महासागरातल्या जपानी लाँगलाइन जहाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा अंदाज होता, वर्षाला 44 हजार अल्बट्रॉस! 2011 मध्ये जगभरच्या लाँगलाइनचा हिशेब मांडला गेला, तेव्हा सगळे समुद्रपक्षी मिळून वर्षाला किमान 1 लाख 60 हजार मरतात असं दिसलं. आज अल्बट्रॉसच्या 22 जातींपैकी 15 धोक्यात आहेत.

ब्रदर्सच्या अभ्यासात आणखी एक मुद्दा होता, आणि तो थेट खिशाशी जोडलेला होता. पक्षी आमिष पळवतात. ज्या गळाचं आमिष गेलं त्या गळाला ट्यूना लागणार नाही. म्हणजे पक्षी वाचवणं हा दानधर्म नाही, नुकसान टाळणं आहे. मावशींचं अर्थशास्त्र!

उपाय? एक दोरी आणि रंगीत पट्ट्या

हा उपाय कुठल्या लॅबमध्ये जन्मला नाही. आमिष पळवणाऱ्या पक्ष्यांना वैतागलेल्या जपानी मच्छिमारांनीच तो शोधला. जहाजाच्या मागच्या बाजूला उंच खांब, त्याला लांब दोरी, दोरीला लटकणाऱ्या भडक पट्ट्या. वाऱ्यावर पट्ट्या फडफडतात आणि पक्षी बिचकून लांब राहतात. शेतातल्या बुजगावण्याचा समुद्री अवतार म्हणा ना. जपानीत पक्ष्याला 'तोरी' म्हणतात, म्हणून ही 'तोरी लाइन'.

तिच्या जोडीला आणखी दोन युक्त्या आहेत. एक, गळाजवळ वजन लावायचं, म्हणजे आमिष झटकन बुडतं. दुसरी, दोरी रात्री सोडायची. अल्बट्रॉस मुख्यतः दिवसाउजेडी शिकार करतात, त्यामुळे अंधारात धोका कमी. हिंदी महासागरातल्या ट्यूना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आयोगाने (भारतही त्याचा सदस्य आहे) 2012 मध्ये ठराव केला, की 25 अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली या तीनपैकी किमान दोन उपाय वापरायचेच.

गॅजेटप्रेमींसाठी 'हुकपॉड' आहे. प्लॅस्टिकची एक छोटी डबी गळाचं टोक झाकून ठेवते. ठरावीक खोलीवर गेल्यावर पाण्याच्या दाबाने ती आपोआप उघडते आणि तोपर्यंत गळ पक्ष्यांच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये दर हजार गळांमागे मरणाऱ्या पक्ष्यांचं प्रमाण 0.8 वरून 0.04 वर आलं. म्हणजे 95 टक्के घट! आणि माशांची पकड? होती तेवढीच.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट नामिबियाची. तिथली मासेमारी ट्यूनाची नाही, हेक माशाची, आणि लाँगलाइनही समुद्रतळाशी टाकायची. पण पक्ष्यांचा प्रश्न तोच. 2015 मध्ये तिथे तोरी लाइन सक्तीची झाली. त्या बनवायचं काम वॉल्विस बे या बंदरातल्या महिलांच्या एका गटाने घेतलं. तिथल्या लाँगलाइनवरचे पक्ष्यांचे मृत्यू 98 टक्क्यांनी घटल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. पक्षी वाचले आणि बायकांच्या हाताला कामही मिळालं. है ना सही?

हवाईची शाळा

कासवांचा धडा गिरवायचा तर हवाई बेटांकडे जावं लागतं. होनोलुलूच्या धक्क्यावरून दोन प्रकारच्या लाँगलाइन निघतात. खोल पाण्यातली बिगआय ट्यूनासाठी आणि उथळ पाण्यातली स्वोर्डफिशसाठी. कासवं बहुतेक वेळ वरच्या थरात असतात, त्यामुळे उथळ दोरीवर ती जास्त सापडतात. खोल दोरीवर कमी सापडतात, पण सापडलेलं कासव श्वासासाठी वर येऊ शकत नाही आणि बुडतं.

लॉगरहेड आणि लेदरबॅक या कासवांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि 2001 मध्ये हवाईची स्वोर्डफिश मासेमारी बंदच झाली. आता वाटेल, सुटला प्रश्न! पण अमेरिकेतल्या रेस्टॉरंटचा मेनू थोडाच बंद झाला? तो मासा दुसऱ्या देशांतून येऊ लागला. जिथून आला तिथे कासवांसाठी असे कडक नियम नव्हते. म्हणजे मासेमारी थांबली नाही, फक्त नजरेआड गेली.

दरम्यान अटलांटिकमध्ये, ग्रँड बँक्सच्या परिसरात, 2001 ते 2003 या काळात मच्छिमारांच्याच बोटींवर प्रयोग चालू होते. इंग्रजी 'जे'सारख्या गळाऐवजी गोलाकार गळ वापरला. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो पोटात रुतण्याऐवजी जबड्याच्या कडेला अडकतो. शिवाय मोठ्या आकाराचा गळ कासवाच्या तोंडात सहज मावत नाही. दुसरा बदल आमिषात, माकुलाऐवजी बांगड्याच्या जातकुळीतला मासा. का? माकुल रबरासारखं चिवट, कासव ते गळासकट गिळतं. मासा मात्र ते तुकडे तोडत खातं आणि गळ बाजूला राहतो. माकुल खाताना आपलीही तीच गत होते, नाही का?

2004 मध्ये हवाईची मासेमारी पुन्हा सुरू झाली ती या अटींवर. मोठे गोल गळ, माशाचं आमिष, प्रत्येक फेरीला बोटीवर एक निरीक्षक, आणि वर्षाची मर्यादा : 17 लॉगरहेड किंवा 16 लेदरबॅक गळाला लागले की त्या वर्षापुरतं दुकान बंद. 2006 मध्ये मार्चमध्येच 17 चा आकडा गाठला गेला आणि उरलेलं वर्ष बोटींना उथळ दोरी टाकता आली नाही. 2011 मध्येही लेदरबॅकच्या आकड्यामुळे तेच घडलं. जाच वाटतो ना? पण 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निकाल दिसला. लॉगरहेड सापडण्याचा दर 90 टक्क्यांनी आणि लेदरबॅकचा 83 टक्क्यांनी खाली आला होता.

हवाईच्याच द्वीपसमूहाच्या टोकाला मिडवे बेटावर 'विस्डम' नावाची लेसन अल्बट्रॉस मादी येते. तिच्या पायात 1956 मध्ये कडं घातलं होतं. 2024 च्या अखेरीस, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या आसपास, तिने पुन्हा एक अंडं घातलं! एवढ्या वर्षांत किती लाख गळांवरून ती उडाली असेल? तिच्यासारख्यांसाठी हवाईच्या ट्यूना बोटींना आधी निळ्या रंगात बुडवलेलं आमिष वापरावं लागायचं, म्हणजे ते पाण्यात उठून दिसू नये. प्रयोगांत तोरी लाइन त्याहून सरस ठरली आणि 2024 पासून नियम बदलून तीच आणली गेली. थोडक्यात काय, तर नियम एकदा करून भागत नाही. सॉफ्टवेअरसारखी त्याचीही नवी व्हर्जन काढावी लागते.

शार्कचं त्रांगडं

इथपर्यंत सगळं छान. पण शार्कपाशी गाडी अडते. गोल गळ कासवांना वाचवतो, मात्र काही अभ्यासांत त्यावर शार्क जास्त सापडलेत. कारण साधं आहे. गळ पोटात न जाता जबड्यात अडकतो, त्यामुळे शार्कला दोरी चावून पळता येत नाही. एकाला वाचवताना दुसरा अडकला!

यावर तोड म्हणजे गळाजवळची दोरी. ती तारेची असेल तर शार्कची सुटका नाही. साध्या नायलॉनची असेल तर तो ती कुरतडून निघून जातो. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकच्या आयोगाने 2022 मध्ये उष्ण कटिबंधाच्या पट्ट्यात तारेवर बंदी घालायचं ठरवलं आणि 2024 पासून ती लागू झाली. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या ओशनिक व्हाइटटिप शार्कची नोंद 2019 पासून 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

आणखी एक नवं यंत्र आहे, 'शार्कगार्ड'. गळाजवळ विजेचे छोटे झटके सोडणारं. शार्क आणि पाकट यांना वीज जाणवण्याची खास संवेदना असते, ती त्यांना दूर ठेवते. 2021 मध्ये दक्षिण फ्रान्सजवळ ब्लूफिन ट्यूनाच्या बोटींवर चाचणी झाली. ब्लू शार्क 91 टक्के आणि पाकट 71 टक्के कमी सापडले. ट्यूनाही थोडा कमी मिळाला, पण तो मुळातच इतका कमी होता की त्यावरून ठाम काही म्हणता आलं नाही. मच्छिमाराचा पहिला प्रश्न मात्र तोच असणार.

मग घोडं अडलंय कुठे?

अडलंय ते बघणार कोण, यात. भर समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर, रात्री दोन वाजता तोरी लाइन लावली की नाही हे कुणाला कळणार? बॉस सुट्टीवर असताना ऑफिसमध्ये काय चालतं ते आपल्याला माहीत आहेच!

हिंदी महासागरात मोठ्या जहाजांच्या किमान 5 टक्के कामावर निरीक्षक असावा, असा नियम झाला. म्हणजे शंभरपैकी पंच्याण्णव वेळा जहाजावर जे घडतं, त्याची माहिती जहाजवालाच देणार. ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये पूर्व किनाऱ्याच्या ट्यूना बोटींवर कॅमेरे सक्तीचे केले. त्यानंतर काय झालं असेल? बोटींच्या नोंदवह्यांत सापडलेल्या पक्ष्यांची, कासवांची नोंद अचानक वाढली! समुद्रात पक्षी वाढले नव्हते. कॅमेऱ्यामुळे लोकांची स्मरणशक्ती सुधारली होती.

पण सगळा भार मच्छिमाराच्या डोक्यावर टाकून आपण मोकळं व्हायचं, हेही मला पटत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला आपण वीकेंडला गाड्या भरून जातो. तीच कासवं पुढे मच्छिमाराच्या जाळ्यात शिरतात. जाळं कापून कासव सोडायचं तर नुकसान त्याचं. 2018 च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने योजना आणली. संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं फाटलं, तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. जाळं आणि लाँगलाइन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तत्त्व एकच. जो जीव वाचवतो, त्याच्या डिझेलचे पैसे बुडता कामा नयेत.

आपण काय करायचं?

ट्यूना सोडून द्या, असं मी सांगणार नाही. मीही सोडलेला नाही. पण एवढं तर जमेल :

• लेबल नीट वाचा. डॉल्फिनच्या चित्रावर थांबू नका. मासा कुठल्या जातीचा, कुठल्या समुद्रातला आणि कशाने पकडला हे लिहिलंय का बघा. काहीच लिहिलं नसेल, तर तो डबा परत शेल्फवर ठेवायचा हक्क तुमचा आहे.

• 'पोल अँड लाइन' शोधा. म्हणजे एक काठी, एक दोरी, एक मासा. नको तो जीव अडकण्याचं प्रमाण अगदी कमी. मालदीवमध्ये पिढ्यान् पिढ्या हीच पद्धत आहे आणि 2012 मध्ये तिथल्या स्किपजॅकला शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. आपल्या लक्षद्वीपमध्ये, मिनिकॉयलाही असाच ट्यूना पकडतात. तिथे वाळवलेल्या ट्यूनाचं 'मासमीन' करतात. फिरायला गेलात, तर नक्की चाखा.

• रेस्टॉरंटमध्ये विचारा. सुशीची प्लेट मागवताना वेटरला सरळ विचारायचं, "हा ट्यूना कुठला? कशाने पकडला?" शंभरातल्या नव्याण्णवांना उत्तर येणार नाही. हरकत नाही. दहा टेबलांवरून तोच प्रश्न आला, की शेफ सप्लायरला फोन करतो. सप्लायर पुढे विचारतो. बाजार असाच हलतो.

आपण भाजीवाल्याला "कोथिंबीर ताजी आहे ना?" असं दहादा विचारतो. माशाचे गिल उचलून बघितल्याशिवाय आपल्या आया पिशवीत मासा टाकू देत नाहीत. मग सातशे रुपयांच्या प्लेटपुढेच आपली बोलती का बंद व्हावी? पुढच्या पार्टीला विचारून तर बघा!